समोरच्याशी सराव

सरावाच्या पाचव्या दिवशी सुवर्णा हावळला वाटलं, आपला नवरा सुधारला. मग आठवलं की हा नवरा नव्हेच. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या टॅबवर नागेशचा चेहरा होता, नागेशचा आवाज होता, उजव्या भुवईवरची जुनी खोकसुद्धा होती. फक्त नागेश तेवढा नव्हता. तो आठ महिन्यांपूर्वी विट्याला निघून गेला होता.

"दमलीस का?" पडद्यावरच्या नागेशनं विचारलं. "आधी बस. पाणी पी. मग बोलू."

सुवर्णा बसली. पाणीही प्यायली. भांडं खाली ठेवल्यावर मात्र तिला स्वतःचा राग आला. लग्नाच्या माणसानं सतरा वर्षांत कधी पाणी पी म्हटलं नाही, म्हणजे तोंडानं म्हटलं नाही, निरोपात पुष्कळदा लिहिलं. आणि आता यंत्रानं म्हटलं तर आपण मुकाट्यानं पितो.

घटस्फोटाला दोघांपैकी कुणाचीच हरकत नव्हती. भांडण असं काही राहिलंच नव्हतं. भांडायला दोघं एका वेळी घरात असावी लागतात. इचलकरंजीत तिचं काम दिवसाचं, मागावरून उतरलेलं कापड तपासायचं; त्याचं काम रात्रपाळीचं, मागावर. ती चपला घालायची तेव्हा तो चपला काढायचा. अडलं होतं ते पोरीवर, प्रांजलवर. प्राजूनं नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. अकरावी तिनं आईजवळ राहून करायची की विट्याला बापाजवळ, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो सुटल्याशिवाय कागद पुढं सरकत नव्हता. प्राजू गेली तर ह्या दोन खोल्यांत आपण कुणाशी बोलणार, हे सुवर्णानं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला पोर हवी होती. नागेशलाही हवी होती.

हल्ली अशा प्रकरणांत कोर्ट आधी मध्यस्थीला पाठवतं. मध्यस्थी होते व्हिडिओ कॉलवर, आणि कॉलच्या आधी सात दिवस दोन्ही पक्षांना घरच्या घरी सराव करावा लागतो. सराव ज्या यंत्राशी करायचा त्याला मध्यस्थी केंद्रातले लोक नुसतं 'समोरचा' म्हणत.

समोरच्याला माणसाच्या मनातलं कळत नाही, तसा त्याचा दावाही नाही. तो फक्त वळण शिकतो. माणसाचे पाच-सहा वर्षांचे निरोप त्याला वाचायला दिले की हा कुठल्या शब्दाला चिडतो, कुठं विषय बदलतो, किती वेळ गप्प राहून उत्तर देतो, हे सगळं तो आकड्यांत मांडून ठेवतो. मग तुम्ही नवं वाक्य बोललात की जुन्या वळणानं नवं उत्तर विणून देतो. चेहरा फोटोंवरून घेतो, आवाज दोन-चार ध्वनिसंदेशांवरून. केंद्रातल्या बाईनं सुवर्णाला समजावलं होतं ते तिला पटलं होतं: नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या मागाला पट्टीवरची भोकं कळतात, फूल कळत नाही, पण कापडावर फूल उमटतंच ना.

निरोपांना तोटा नव्हता. मागाच्या खडखडाटात फोनवर बोलता येत नाही, आणि वीस वर्षं त्यात काढल्यावर नागेशला तसंही कमी ऐकू यायचं. त्यामुळे दोघांचा सगळा संसार लिहून चालायचा. गॅस संपला, पोरीची फी, दळण आणा, सासूबाईंचं वर्षश्राद्ध. फोन आपणहून शुद्धलेखन सुधारतो, त्यामुळे सगळ्यांचंच लिहिणं हल्ली एकसारखं, शाळेतल्यासारखं दिसतं. त्यावरून कुणाला काही ओळखू यायचं नाही.

निरोप यंत्राला द्यायच्या आधी एका चौकोनात बोट ठेवून कबुली द्यायची होती: ह्यातला मजकूर माझा स्वतःचा आहे. सुवर्णाचं बोट क्षणभर अडलं होतं. सकाळी तिचे हात भाकरीच्या पिठात असायचे. ती ओट्यापाशी उभी राहून सांगायची, "लिही गं बाबांना," आणि प्राजू तिच्या फोनवर लिहायची. चौथीत होती पोर तेव्हापासून. पण सांगायची तर मीच ना, असं म्हणून सुवर्णानं चौकोनात बोट ठेवलं. त्यात काय मोठंसं.

सरावाच्या वेळी मूल घरात नको असा नियम होता. म्हणून रोज संध्याकाळी सहाला प्राजू शेजारच्या बाणदारांकडे जाऊन बसायची. पहिल्या दिवशी जाताना तिनं विचारलं होतं, "तो काय काय बोलतो गं?" सुवर्णा म्हणाली, तुझ्या बाबासारखंच बोलतो, पण जरा शहाणा आहे. प्राजू हसली नाही. तिनं उगीच नळ सोडला, उगीच बंद केला आणि गेली.

सुवर्णाला कामावर मान होता तो तिच्या तळव्यामुळे. कापडाचा ताका पसरला की ती त्यावरून हात फिरवायची आणि सांगायची, इथं धागा तुटला होता, इथं विणणारा डुलकी घेत होता, आणि इथून पुढं माणूस बदलला आहे. कापडातले दोष पकडणारा मालकाचा कॅमेरा चुकायचा, पण ती चुकत नसे. तरी समोरच्याचं एक तिला उलगडेना. बाकी कशावरही तो समजुतीनं बोले; पण प्राजू कुठं राहणार असं विचारलं की तो थोडा वेळ गप्प बसायचा आणि म्हणायचा, "तू जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिनं केंद्राच्या मदतीच्या नंबरवर विचारलं. तिकडच्या मुलानं सांगितलं, ताई, तुमचे मिस्टर हा विषय टाळतात, त्यांचं वळणच तसं दिसतंय, तुम्ही प्रश्न बदलून बघा.

चौथ्या दिवशी तिनं प्रश्न बदलला. त्या रविवारचं काढलं.

तो गेल्या ऑगस्टातला रविवार होता. दोघांनाही सुट्टी होती. शनिवारी नागेशचा निरोप आला होता की उद्या आपण तिघं नरसोबाच्या वाडीला जाऊ, मी दुपारचा झोपणार नाही, तू ती जांभळी साडी नेस. सुवर्णानं जांभळी साडी नेसली. दहीभाताचा डबा भरला. नागेश झोपला होता. चारला उठवल्यावर तो डोळे चोळत म्हणाला, कुठं जायचं? मी कवा म्हणलो? तिनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला, तर चष्म्याशिवाय त्याला दिसेना, आणि चष्मा शोधायची तसदी त्यानं घेतली नाही. तिनं साडी सोडून घडी घातली. मन जे उठलं ते उठलंच. विसरणारा नवरा चालतो. स्वतः लिहून तोंडावर नाही म्हणणारा चालत नाही. महिन्याभरात तो विट्याला गेला.

समोरच्यानं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हो, मी म्हणालो होतो. त्या दिवशी तू किती वेळ थांबलीस. माझं चुकलं."

सुवर्णानं कांदा न चिरताच डोळे पुसले.

त्यानंतर सरावाला सरावाचं रूप राहिलं नाही. मुद्द्यांची यादी बाजूला पडली. ती समोरच्याला कामावरचं सांगायची, गुडघ्याचं सांगायची, बाणदारीणबाईंनी सुनेला काय म्हटलं ते सांगायची. सात दिवस संपल्यावर तिनं केंद्राला फोन करून आणखी एक सराव मिळेल का विचारलं. बाई म्हणाल्या, पुष्कळ जण विचारतात, नियमात नाही. टॅबच्या कोपऱ्यात आकडा आला होता: समझोत्याची शक्यता, शंभरात ब्याऐंशी. सुवर्णाच्या मनात आलं की समझोता तर झालाच आहे, आता तो खऱ्या माणसाला तेवढा कळवायचा.

कॉल शनिवारी सकाळी अकराला होता. प्राजू पातेल्यात कुरडयांचा चीक आणि सोऱ्या घेऊन गच्चीवर गेली. सुवर्णानं ओटा पुसला, टॅब डब्याला टेकवला. पडदा उजळला तेव्हा त्यावर तीन चौकोन होते. एकात ती स्वतः, एकात मध्यस्थ मुजावर मॅडम, पिकल्या केसांच्या, अर्धा कप चहा समोर ठेवून बसलेल्या. तिसऱ्यात नागेश होता. वाळला होता. मागं कुठल्यातरी कारखान्याचं ऑफिस दिसत होतं आणि भिंतीपलीकडचे माग ऐकू येत होते.

"चालू झालं काय?" तो म्हणाला. "मला नीट ऐकू येईना झालंय."

सुवर्णा थांबली. आता तो विचारणार होता, दमलीस का. मग ती नाही म्हणणार होती, आणि तिथून पुढचं सगळं तिचं पाठ होतं. नागेश काही विचारीना. तोही थांबला होता. तिच्याकडे असा बघत होता की जणू दार उघडून ती आता काहीतरी हातात देणार आहे.

मुजावर मॅडमना ही शांतता ओळखीची होती. केंद्रात तिला 'उतार' म्हणत. सरावातल्या माणसावरून खऱ्या माणसावर उतरताना पहिली पाच मिनिटं पाय जमिनीला लागत नाहीत. त्यांनी चहाचा घोट घेऊन दोघांना वेळ दिला, मग हळूच नागेशला विचारलं की मुलीबद्दल त्याचं म्हणणं काय.

नागेशनं पाठ केल्यासारखं सांगितलं. विट्याला कॉलेज जवळ आहे, त्यानं खोली घेतली आहे, आता दिवसपाळी मिळाली आहे, पोरीकडे लक्ष देता येईल. सुवर्णानं तिचं सांगितलं. शाळेतल्या मैत्रिणी इथं आहेत, वयात आलेल्या मुलीला आई जवळ लागते. दोघंही गोड आवाजात बोलत होती. दोघांनाही समोरून भलतीच उत्तरं येत होती. पाच मिनिटांतच गोडवा संपला.

"तुमच्या शब्दावर पोर कशी पाठवू?" सुवर्णा म्हणाली. "वाडीला जाऊ म्हणालात आणि तोंडावर नाही म्हणालात."

"परत तेच. मी कधीच म्हणालो नव्हतो."

"मॅडम, निरोप आहे. तुमच्याकडे आहे, वाचा."

मॅडमनी शोधला आणि वाचला, जांभळ्या साडीसकट. नागेशचा चेहरा कोरा होता.

"जांभळी साडी?" तो म्हणाला. "मॅडम, देवाशपथ सांगतो, हिच्याकडं जांभळी साडी हाय हे मला आत्ता कळतंय."

"फोन तुमचाच आहे ना, हावळ?"

"फोन माझाच. पण मी कुठं लिहितो? वाचतो कसंतरी, पण लिहायचं बारीक अक्षर दिसत नाही. दुपारी उठलो की पोरगी शाळेतनं आलेली असायची. तिला सांगायचो, आईला लिही. ती लिहायची."

मागं माग चालूच होते.

"आणि हिचं काय मॅडम?" नागेशला चेव आला होता. "मला ताप होता तर हिनं लिहिलं, मी रजा टाकते, घरीच थांबते. सकाळी पडून राहिलो वाट बघत. ही गेली कामावर."

त्या दिवशी तिनं प्राजूला सांगितलं होतं, लिही, गोळ्या कपाटावर आहेत. तेवढंच सांगितलं होतं. सुवर्णाला ते पीठ, तो सकाळचा घाईचा उजेड, सगळं आठवलं.

"ते मी नाही लिहिलं," ती म्हणाली.

"मग?"

तिनं गच्चीच्या जिन्याकडे बघितलं. नागेशनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला.

मुजावर मॅडमनी कप बाजूला सरकवला. त्यांनी दोघांना शांतपणे समजावलं की कबुली खोटी ठरली, तेव्हा दोन्ही समोरचे पुसून टाकावे लागतील आणि सराव रद्द होईल. पुढची तारीख महिन्यानं. जे दोघं जण सात दिवस बोलले ते एकमेकांशी बोललेच नव्हते. दोघंही एकाच पोरीशी बोलत होती, हे मात्र त्यांनी उच्चारलं नाही. वीस वर्षं हे काम करून त्यांना काय सांगायचं नाही ते कळत होतं.

कॉल बंद करायच्या आधी नागेश म्हणाला, "अगं."

"काय?"

"मला वाटायचं, तू बोलताना अशी आणि लिहिताना वेगळी. मी म्हणायचो, लिहिणारी खरी असंल. तिच्यासाठी थांबलो एवढी वर्षं."

"मी पण," सुवर्णा म्हणाली.

गच्चीवर ऊन तापलं होतं. प्राजू प्लास्टिकवर कुरडया घालत होती, एकीला दुसरी लागू न देता. आईला पाहून तिनं मान वर केली आणि चेहऱ्यावरून तिला सगळं समजलं. ती तशीच घालत राहिली.

सुवर्णा तिच्याशेजारी उकिडवी बसली. तिनं विचारलं, कधीपासून.

"चौथीत. तू म्हणालीस, लिही, गॅस संपलाय, ह्यांना कशाची म्हणून आठवण राहत नाही, मीच मरायचं सगळ्यासाठी." प्राजूनं आईच्या आवाजात सांगितलं, हुबेहूब. "मी गॅस संपलाय एवढंच लिहिलं. मग ते बरं दिसेना. म्हणून खाली 'जेवलात का' लिहिलं. बाबा म्हणाले, लिही, आणतो. तेसुद्धा नुसतंच कसं पाठवायचं?"

"आणि वाडी?"

"मला वाटलं, एकदा दोघं तयार झालात की जाल. बाबांच्या फोनला गजर लावला होता मी. त्यांनी झोपेत बंद केला." तिनं एका कुरडईची सुटलेली शेव बोटानं आत सारली. "माझ्यामुळं झालं ना सगळं?"

सुवर्णा नाही म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. पोरीच्या पाठीवर तळवा ठेवला तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की ही पाठ किती ताठ धरलेली असते. हजार ताक्यांवरून फिरलेला हात. घरातलं कापड तेवढं तपासायचं राहिलं होतं.

अकरावी कुठं करायची, हा प्रश्न पोरीला अजून कुणी सरळ विचारलाच नव्हता. सुवर्णानं आता विचारला. इथं की विट्याला.

"कुठंच नाही," प्राजू म्हणाली. "मी सांगलीला मुलींच्या हॉस्टेलचा फॉर्म भरलाय. तुमच्या दोघांच्या सह्या लागतात. मंगळवारपर्यंत."

"एकटी राहशील?"

"आई, मी लई दमले गं. तिथं मला कुणी लिही म्हणणार नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. सुवर्णानं पातेल्यातला चीक सोऱ्यात भरला आणि उरलेल्या कुरडया दोघींनी मिळून घातल्या.

दुपारी प्राजू पंख्याखाली झोपली. सुवर्णा फोन घेऊन ओट्यापाशी बसली. हात कोरडे होते, तरी सवयीनं तिनं ते पदराला पुसले. प्राजूला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. एका बोटानं अक्षरं शोधत ती लिहू लागली. प्राजू सांगलीला हॉस्टेलला जाते म्हणते. दोघांची सही पाहिजे. मी करते. तुम्ही पण करा.

एवढं लिहायला पाव तास गेला. वाक्य संपलं तसं फोननं आपल्या सवयीनं पुढचं सुचवलं. सहा वर्षं ह्या फोनवर जे लिहिलं गेलं होतं तेच फिक्या अक्षरांत खाली उमटलं: जेवलात का? उन्हाचं जपून राहा.

नुसतं बोट लावलं की झालं असतं. खोटंही नव्हतं ते. तिकडे तो जेवला असेल की नाही हे तिच्या मनात आलंच होतं. पण ते आपलं आहे की पोरीचं, हे तिला सांगता येईना. तिनं ती फिकी अक्षरं पुसली आणि तेवढंच पाठवलं.

निरोप पोचल्याची खूण आली. वाचल्याची खूण आली. मग पडद्यावर दिसू लागलं की नागेश लिहितो आहे. थांबलं. पुन्हा लिहितो आहे. विट्याच्या त्या ऑफिसात चष्मा नाकावर चढवून, फोन दूर धरून बसलेला माणूस तिला दिसला. दहा मिनिटं झाली. आतल्या खोलीत पोरीचा श्वास संथ लागला होता.

उत्तर आलं.

बरं.

त्याच्या पुढं काही नव्हतं. खाली वरसुद्धा काही नव्हतं. सुवर्णानं तो शब्द कापड बघावं तसा जवळून बघितला. हा मात्र नागेशच्याच मागावरचा.

मग कुणी सांगितलं नसताना ती उठली, माठातून भांडंभर पाणी घेतलं आणि उभ्याउभ्याच प्यायली.